तबकडीतील आवाज

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आहेत. त्यांपैकी आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ हे गाव आहे. हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे जन्मगाव म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहे. या तालुक्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईस जात आली. कोणी कापडगिरणीत लागले, कोणी गोदीत हमाली केली, कोणी डोक्यावर जेवणाचे डबे वाहिले. गावच्या यात्रेला किंवा लग्नसराईला ही मंडळी परतत, तेव्हा त्यांच्या सामानातून मुंबईच्या नाना वस्तू गावात येत. एखाद्या हौशी माणसाने पदरमोड करून घेतलेला ग्रामोफोन आणि त्याच्या तबकड्या ही त्या काळी मोठ्या नवलाईची वस्तू असे.

आज अशा एखाद्या घराच्या माळ्यावर आजोबांनी आणलेली आणि वडिलांनी जपून ठेवलेली पत्र्याची पेटी उघडली, तर तीत कागदी पाकिटांत घातलेल्या काळ्या, जड आणि वाटोळ्या चकत्या सापडण्याचा संभव असतो. घरातील मुलांना त्या कशाच्या आहेत हे उमगत नाही. भंगार घेणारा त्या वजनावर मागतो. परंतु त्या चकत्यांत माणसांचे आवाज साठविलेले असतात. ते तेथे कसे गेले, त्यांपासून आपणांस काय कळते आणि ते कसे जपावे, हे प्रत्येक मुलामुलीने समजून घेण्यासारखे आहे.

आवाज म्हणजे हवेचे कंपन. आपण बोलतो तेव्हा हवा थरथरते आणि ती थरथर कानाच्या पडद्यावर आदळली म्हणजे आपणांस शब्द ऐकू येतात. हे कंपन टिकाऊ पदार्थावर उमटविता आले आणि पुन्हा त्यावरून हवेत सोडता आले, तर गेलेला आवाज परत ऐकता येईल, हा विचार अमेरिकेतील थॉमस एडिसन यांनी १८७७ साली प्रत्यक्षात आणला. त्यांच्या यंत्रात आवाज एका नळकांड्यावर उमटे. पुढे १८८७ साली एमिल बर्लिनर यांनी नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली. एका ठशावरून अशा हजारो तबकड्या छापता येतात, आणि म्हणूनच गाणे विकत घेण्याची वस्तू बनले.

तबकडी हातात घेऊन उजेडात तिरपी धरली, तर तिच्यावर बारीक रेघांची असंख्य वर्तुळे दिसतात. ती खरोखर वर्तुळे नव्हेत. कडेपासून निघून मध्याकडे वळत जाणारी ती एकच लांब खाच असते. भिंगातून पाहिले तर ही खाच सरळ नसून नागमोडी आहे असे दिसते. तिचे प्रत्येक वळण म्हणजे गायकाच्या आवाजाचे एकेक कंपन होय. ग्रामोफोनला हाताने चावी दिली, म्हणजे आतील पोलादी कमान आवळली जाते आणि ती सुटत असता तबकडीस फिरविते. या जुन्या तबकड्या एका मिनिटात सुमारे ७८ फेरे घेतात. खाचेत टेकविलेली सुई त्या वळणांबरोबर डोलते, सुईला जोडलेला अभ्रकाचा पातळ पडदा थरथरतो आणि कर्ण्यातून गाणे बाहेर पडते. या सर्व खटाटोपात विजेचे काही काम नाही. म्हणूनच ज्या गावांत दिवे आले नव्हते, तेथेही ग्रामोफोन जाऊ शकला. चावी उतरत आली, की गायकाचा सूर हळूहळू खाली घसरे आणि मंडळींत हशा पिके. मग कोणीतरी उठून पुन्हा चावी भरी.

आता ही तबकडी कशाची केलेली असते ते पाहू. पुष्कळांस वाटते, की ती एखाद्या धातूची किंवा प्लॅस्टिकची असावी. परंतु ७८ फेऱ्यांची तबकडी मुख्यतः लाख आणि दगडाची पूड यांची असते. तिला काळा रंग काजळीमुळे येतो. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट रसाची लाख बनते. जगाला लागणारी बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थानातून जात असे. दुसऱ्या महायुद्धात तिचा तुटवडा पडला, तेव्हा परदेशांत तबकड्यांच्या निर्मितीवर निर्बंध घालावे लागले. आपल्या रानातील किड्याने निर्मिलेल्या पदार्थावर सर्व जगाचे संगीत काही दशके उभे होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्याने प्रसिद्ध गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच त्यांनी 'माय नेम इज गौहर जान' असे इंग्रजीत सांगितले. याचे कारण असे सांगतात, की मूळ ठसे तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविले जात आणि तेथील कारागिरांना गाणारी व्यक्ती कोण हे कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. लाख येथली, गळा येथला, ऐकणारा येथला; तबकडी मात्र समुद्रापलीकडे तयार होऊन येथे विकावयास येई. कापसाची कथा याहून निराळी नव्हती. येथला कापूस विलायतेस जाई आणि कापड होऊन परत येई. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना काढला, तेव्हा तबकड्या या देशात छापल्या जाऊ लागल्या. तरी धंद्याची मालकी परदेशीच राहिली. १९३५च्या सुमारास मुंबईत 'यंग इंडिया' या नावाने तबकड्या काढणारी भारतीय कंपनी निघाली. ते नावही त्या काळातील स्वदेशीच्या भावनेस साजेसे होते. आपल्या घरातील पेटीत तिची एखादी तबकडी निघाली, तर तिच्यावरील गाण्याइतकेच तिच्यावरील नावही मोलाचे समजावे.

तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. आरंभीच्या तबकड्यांवर तर एकाच बाजूस गाणे असे. या मर्यादेचा गाण्यावर मोठा परिणाम झाला. रंगभूमीवर बालगंधर्व एखादे पद गाऊ लागले, म्हणजे रसिकांच्या आग्रहास्तव ते पुन्हा पुन्हा गात आणि नाटक रात्री उशिरापर्यंत चाले. तेच पद तबकडीसाठी गाताना त्यांना तीन मिनिटांत आटपावे लागे. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रिकेत स्वर थेट पहिल्या क्षणापासून रंगात आलेला ऐकू येतो. गायकाला रेंगाळण्यास सवड नव्हती. मोठ्या बैठकीत तासभर राग मांडणाऱ्या गवयांनीही या तीन मिनिटांत रागाचे रूप उभे करण्याची कला साध्य केली. बालगंधर्व १९६७ साली निवर्तले. त्यांचे नाटक ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, अशी माणसे आता फारच विरळ. आपल्या पिढीला त्यांच्या गळ्याची जी ओळख आहे, ती या लाखेच्या तबकड्यांमुळेच होय.

ध्वनिमुद्रणाच्या रीतीतही पुढे बदल झाला. प्रथम गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खणखणीत आवाजात गावे लागे, कारण त्या आवाजाच्या जोरावरच ठशावर खाच उमटे. १९२५ साली विजेच्या साहाय्याने, मायक्रोफोन लावून मुद्रण करण्याची रीत निघाली. त्यामुळे हळू, नाजूक आवाजही टिपता येऊ लागला. मराठीत भावगीत हा गानप्रकार १९३०नंतरच्या काळात बहरला, त्यास या सोयीचे मोठे साहाय्य झाले. गजानन वाटवे, जी. एन. जोशी यांसारख्या गायकांनी कवींची कविता घरोघर पोहोचविली. शाळेत न गेलेल्या माणसांच्या ओठांवरही कविता आली, ती बहुधा अशा गाण्यांतून आली.

तथापि तबकडीत सर्व काही मावले, असे समजू नये. महाळुंगे पडवळच्या शेजारचा जुन्नर तालुका तमाशासाठी प्रसिद्ध आहे. त्या तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र मानले जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि भाऊंच्या कन्या विठाबाई यांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरलेली होती. यात्रेत तमाशा उभा राहिला, म्हणजे गण, गौळण, बतावणी आणि वग असा तो रात्रभर रंगत जाई. तबकडीवर यातील एखादी लावणी फार तर आली. सोंगाड्याची हजरजबाबी, वगातील कथा, पुढे बसलेल्या शेतकऱ्यांची दाद आणि पहाटेचा गार वारा यांस तीन मिनिटांत जागा मिळणे शक्य नव्हते. म्हणून जुनी तबकडी ऐकताना तिच्यात काय आहे एवढेच ऐकून थांबू नये. तिच्यात काय राहून गेले, हे त्या काळच्या माणसांना विचारावे.

तबकड्यांचे पुढे आणखी प्रकार निघाले. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेणारी, प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाची दीर्घ तबकडी आली आणि काही वर्षांनी ती आपल्याकडेही पोहोचली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झालेले 'गीतरामायण' पुढे अशा दीर्घ तबकड्यांवर घरी आले. आकाशवाणीवर त्यातील गीते निरनिराळ्या गायकांनी गायिली होती. या तबकड्यांवर ती सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात आहेत. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांची निर्मिती आपल्या देशात १९७०च्या आसपास थांबली. नंतर कॅसेट आली आणि ग्रामोफोन माळ्यावर गेला.

मग अशा जुन्या वस्तूचा आज उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन थोर गायकांच्या गोष्टींत आहे. पंडित भीमसेन जोशी यांचे बालपण गदग येथे गेले. तेथे लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका कानी पडली आणि आपणही असेच गावे अशी ओढ लागली, असे ते सांगत. गुरूच्या शोधार्थ त्यांनी लहान वयातच घर सोडले आणि पुढे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे ते शिकले. एका तबकडीने एका मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविली आणि त्याचा लाभ सर्व देशास झाला.

दुसरी गोष्ट केसरबाई केरकर यांची. केसरबाई गोव्यातील केरी या गावच्या. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यापाशी त्यांनी दीर्घकाळ विद्या घेतली. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने दूरच्या ग्रहांकडे धाडली. ती पुढे सूर्यमालेच्याही बाहेर जाणार होती. म्हणून पृथ्वीवरील माणसाची ओळख सांगणारी, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी त्यांच्यासोबत द्यावी असे ठरले. जगभरातून जे २७ संगीताचे नमुने निवडले गेले, त्यांत हिंदुस्थानातून एकच होता. केसरबाईंनी गायिलेली भैरवी. परंतु ती ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारात मिळत नव्हती. पुष्कळ शोध केल्यावर ती न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मेजाखाली सरकवून ठेवलेल्या खोक्यात सापडली. त्या दुकानदाराने अडगळ म्हणून ते खोके फेकून दिले असते, तर ती भैरवी कदाचित यानात गेलीच नसती. ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर १ हे यान निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्यांचा स्वर मात्र पुढे जात राहिला. २०१२ साली ते यान ताऱ्यांमधील अवकाशात शिरले.

या यानाबरोबर तबकडी पाठविणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घेतली. तबकडी वाजविण्यासाठी सुई दिली आणि ती कशी व किती वेगाने फिरवावी हे चित्रांनी वेष्टनावर कोरले. ज्यास ती सापडेल त्यास आपली भाषा येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या घरातील पेटीलाही हाच नियम लागू आहे. ती ज्याच्या हाती पुढे जाईल, त्यास तिची माहिती असेलच असे नाही.

कोणाचा आवाज टिकला आणि कोणाचा टिकला नाही, याचा विचार केला म्हणजे या दक्षतेचे महत्त्व पटते. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात विलायती कापडाने भरलेला मालट्रक अडविताना बाबू गेनू यांनी प्राण दिले. ते गिरणीत काम करीत आणि त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९३१ साली, महात्मा गांधींनी लंडन येथे ईश्वरावर केलेले एक भाषण तबकडीवर मुद्रित झाले. गांधीजींचे ते शब्द आजही त्यांच्याच आवाजात ऐकता येतात. बाबू गेनू यांचा आवाज ऐकण्याचे कोणतेच साधन आपणांपाशी नाही. त्यांच्या काळी मुंबईत ग्रामोफोन होता. परंतु गिरणीतील एका तरुणाचे बोलणे जतन करावे, असे कोणास कसे सुचावे? सामान्य माणसाचा आवाज बहुधा असाच हवेत विरून जातो. म्हणून जे आवाज योगायोगाने आपल्या घरात टिकून राहिले आहेत, ते आपल्या निष्काळजीपणाने नाहीसे होऊ नयेत.

हे जतन करण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. तबकडी नेहमी दोन्ही तळहातांनी कडेला धरावी. खाचांवर बोटे लावू नयेत. ती आडवी रचून ठेवू नये, पुस्तकांप्रमाणे उभी ठेवावी. लाखेची तबकडी काचेप्रमाणे फुटते आणि उन्हात वाकते, तर पावसाळ्यातील दमट हवेत तिला बुरशी लागते. ती पुसण्यासाठी स्पिरिट कधीही वापरू नये, कारण स्पिरिटात लाख विरघळते. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागे. झिजलेली सुई खाच ओरबाडते, म्हणून हौसेखातर तबकडी वारंवार वाजवू नये. जाणकाराकडून योग्य सुईच्या यंत्रावर ती एकदा वाजवून संगणकावर उतरवून घ्यावी. उतरविताना आलेली खरखर प्रथम तशीच राहू द्यावी आणि ती काढायची झाल्यास दुसऱ्या प्रतीतून काढावी. मूळ तबकडीही टाकू नये. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेसारख्या संग्राहकांच्या मंडळांनी अशा तबकड्यांची माहिती जमविण्याचे मोठे काम केले आहे.

परंतु एक काम असे आहे, की ते कोणतीही संस्था आपल्यासाठी करू शकत नाही. तबकडीच्या मध्यावरील गोल कागदावर गायकाचे नाव, गाण्याचा प्रकार आणि क्रमांक छापलेला असतो. ती तबकडी घरात कोणी आणली, पहिला पगार झाल्यावर आणली की बहिणीच्या लग्नासाठी आणली, ती ऐकावयास आळीतील कोण कोण जमत, कोणते गाणे लागले म्हणजे आजी हातातले काम थांबवीत असे, हे त्या कागदावर छापलेले नसते. ते घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असते आणि त्यांच्याबरोबरच जाते. म्हणून तबकडी वाजविताना त्यांस शेजारी बसवावे, गाणे संपल्यावर विचारावे आणि ते जे सांगतील ते एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून पाकिटात ठेवावे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने खाली आपले नावही घालावे, म्हणजे पुढे ती पेटी उघडणाऱ्यास हे आवाज आपणांपर्यंत कोणी पोहोचविले ते कळेल.